दाविदमामांनी न वाजवलेली शिट्टी

मंडळी, आप्पा, मावश्या, आणि समोर बसलेल्या मामी. दाविदमामांच्या शोकसभेला कामं टाकून एवढी माणसं आलीत. मला बोला असं कुणी सांगितलं नव्हतं. मीच नाव दिलं. आता वाटतंय, कशाला दिलं?

दाविदमामांना तुम्ही ओळखता. यवतमधलं सायकलचं दुकान. चार वाजले की शटर अर्धं खाली, आणि मामा चर्चमागच्या बास्केटबॉल ग्राउंडवर. आम्हाला त्यांनीच शिकवलं. आमचं ज्ञान काय, ऐकीव. बॉल बोर्डाच्या कडेला लागला की आम्ही ओरडायचो, "आउट!" मामा म्हणायचे, "कड बी बोर्डच हाय. खेळा गप." मागच्या बाजूला लागला तरच आउट. भांडगावच्या कंपनीत यावरून माझी एका बिहारी दोस्ताशी पैज लागलेली, तो म्हणायचा... जाऊ द्या. मी असा भरकटतो. मामींना माहितीय.

कासुर्डीविरुद्धच्या मॅचचं बोलायचंय.

यवतची टीम माझी, पंच मामा. आम्ही एका पॉइंटनं पुढं, शेवटचे काही सेकंद. कासुर्डीचा उंच गडी बॉल धरून पडला, हातभर घसरला, आणि बसल्या बसल्या पास दिला. बास्केट! मॅच गेली.

"ट्रॅव्हल! ट्रॅव्हल!" सगळं ग्राउंड ओरडलं. बॉल न आपटता, हातात घेऊन पुढं सरकला म्हणजे चूकच की! पण शिट्टी वाजली नाही.

मामा शांत. म्हणाले, "पडला, घसरला, चालतंय. बॉल घिऊन उठाय गेला असता, तर वाजवली असती."

आणि मी काय बोललो? सगळ्यांसमोर बोललो, "तुमच्या चर्चमधला हाय म्हणून सोडला व्हय, मामा?"

मागून हशा आला. टाळ्या आल्या. मामांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात घातली. परत त्यांना पंच म्हणून कुणी बोलावलं? नाही. ते ग्राउंडवर आले? नाही.

मी गाव सोडलं. इथं चार महिने, तिथं सहा. शिरूरला एकदा मॅच बघत उभा होतो. सेम तसाच एक खेळाडू पडला, घसरला. मी ओरडलो. पंच एक मुलगी होती. मॅच संपल्यावर म्हणाली, "दादा, पडणं म्हंजी ट्रॅव्हल न्हाई. नियम वाचा."

त्याच आठवड्यात मी मामांच्या दुकानात गेलो. मामांनी वर बघितलं. "काय सांगायचं होतं का रं?"

"न्हाई मामा. गाडीत हवा भरा."

त्यांनी हवा भरली. मी निघालो.

तेव्हापासून कुठंही बॉल आपटल्याचा आवाज आला की मामा बोर्डाखाली उभे दिसतात. बोलत नाहीत. नुसते बघतात. परवा त्यांच्या कबरीत मूठभर माती टाकली, तेव्हाही शेजारी तेच उभे होते.

मामा, तुमचा निर्णय बरोबर होता. मी खोटा आरोप केला. सगळ्यांसमोर केला, म्हणून सगळ्यांसमोर मागं घेतो. उशीर झाला. फार उशीर झाला.

त्या दिवशी माझ्यामागं हसलेले इथं बरेच जण आहेत. मला चेहरे दिसतायत. आधी आपण उभं राहू. मग बाकीची मंडळी. दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही. आणि आपण जमिनीकडं बघायचं नाही. मामींकडं बघायचं.