कावळ्याला दुसरी चूल

सन्माननीय अध्यक्ष विश्वेश्वरराव, व्यासपीठावरचे पाहुणे, आज ज्याच्या गळ्यात हार पडला तो आमचा रत्नाकर, आणि काशीच्या गल्ल्यांतून वाट काढत आलेल्या माझ्या मराठी मंडळींनो,

तुम्ही सगळे विसराळू आहात, हे आधी सांगून टाकते. दारात यंदाही माझ्यापुढे सहीची वही केलीत. अहो, शरदिनीकाकूला अक्षर येत नाही! तरी भाषण लिहून मागितलंत. मी सांगितलं, नातसून वैदेहीनं उतरवलं, आणि समितीनं त्यातल्या काही ओळी खोडल्या म्हणे. पण जिला लिहिलेलंच वाचता येत नाही, तिला खोडलेलं कसं कळावं? तेव्हा सगळंच बोलते.

रत्नाकर मंगळवारी आफ्रिकेला निघालाय. मोठी परिषद आहे. बाजार खुला असला आणि माणसाला स्वतःचा धंदा करता आला, की गरीब देश कसे वर येतात, हे तो तिथं सांगणार. माणूस योग्य निवडलात. हे त्यानं आणि मी, दोघांनी करून पाहिलंय.

चाळीस वर्षांपूर्वी शिंदे घाटामागच्या पाचही धर्मशाळांत एकाच ठेकेदाराचं जेवण असायचं. क्रियाकर्माला आलेली आपली माणसं, दुःखात बुडालेली. भातात खडे निघाले तरी बोलणार कुणाला? मग तो ठेका उठला. ज्याला हवं त्यानं चूल मांडावी, यात्रेकरूनं हवं तिथं जेवावं. मी विधवा, पदरात दोन मुलं. चूल मांडली. महिन्याभरात समोर हा उभा, हातात तवा.

"काकू, मी पण थालीपीठच लावणार."

"मेल्या, गल्लीत दुसरी जागा नाही?"

"गिऱ्हाईक इथं आहे ना!"

दोन महिने मी त्याला शिव्या घातल्या. त्याचं थालीपीठ खमंग, माझी पंगत ओस. शेवटी भाजणी बदलली, भात गरम वाढायला लागले. मग त्याला धाक बसला. त्यानं वर ताक द्यायला सुरुवात केली. त्या चढाओढीत गल्लीत बारा चुली झाल्या, बारा घरची मुलं शाळेत गेली. मंडळी, माझी गरिबी कुणाच्या दयेनं गेली नाही. ती या रत्नाकरच्या भीतीनं गेली. हे तिकडच्या बायकांना जरूर सांग रे.

पण पुढचंही सांगशील का?

गेल्या महिन्यात तू कागद घेऊन आलास. "काकू, एक खिडकी योजना. परवान्यासाठी दहा दारी हिंडायला नको. सब एक ही जगह." मला बरं वाटलं. अंगठा दिला. बाकीच्यांनी सह्या केल्या. घरचा माणूस म्हणून कुणी वाचलंसुद्धा नाही. संध्याकाळी वैदेहीनं मला वाचून दाखवलं. ती एक खिडकी परवान्याची नव्हतीच, जेवणाची होती. पाचही धर्मशाळांत यापुढे फक्त रत्नाकरचं स्वयंपाकघर. त्याची सोडून अकरा उरल्या, त्यातल्या दहा चुली विझल्या. अकरावी माझीच, आता वैदेही चालवते, तिच्यावर चार बायकांची घरं चालतात. ती सोमवारी विझायची आहे.

गल्ली कशी झालीय, कान देऊन ऐकलंत कधी? दुपारी भांड्याचा आवाज नाही. खरकटं नाही, म्हणून कावळे फिरकत नाहीत. मणिकर्णिकेचा धूर तेवढा येतो, नेमानं.

बुधवारी भोसले घाटावर साताऱ्याकडच्या एका घरचा दहावा होता. पिंडाचा भात तुझ्या स्वयंपाकघरातला. एकच कावळा आला. बघितलं, मान वाकडी केली, जाऊन कठड्यावर बसला. थोरला मुलगा हात जोडून म्हणतो, "आबा, धाकटीचं लग्न मी करून देईन." कावळा ढिम्म. "आबा, शेत विकणार नाही." कावळा ढिम्म. ऊन डोक्यावर आलं. गुरुजी म्हणाले, कुठूनतरी दुसरा भात आणा. वैदेहीनं मूठभर दिला. पान खाली ठेवलं नाही तोच कावळ्यानं झडप घातली! आबांची इच्छाबिच्छा काही राहिली नव्हती. भात आंबला होता.

हसू नका. त्या कावळ्याला दुसरी चूल होती. सोमवारनंतर नसेल. तुम्हालाही नसेल, आणि दहावा तर प्रत्येकाच्या घरी यायचाच आहे. माझा सगळ्यांच्या आधी.

रत्नाकर, मान वर कर. तू वाईट माणूस नाहीस. तेव्हा तुझा भात आंबत नव्हता, कारण समोर मी होते. आता समोर कुणी नाही. पण कागद अजून तुझ्याच हातात आहे. विमान मंगळवारी, मधे सोमवार आहे.

अध्यक्षांनी दोनदा घंटी वाजवली, ती ऐकू आली; कान शाबूत आहेत. एवढं बोलू दिलंत, आभारी आहे. म्हातारीचं काही लागलं असेल, तर अंगावर उडालेली राख समजून झटकून टाका.

आणि रत्नाकर, सोमवारी ती चूल विझलीच, तर अकरा वाजता माझ्यासाठी मऊ भात पाठव, मेतकूट वेगळं बांधून. वर एक मूठ भात जास्तीचा. तो मी खिडकीत ठेवून बसणार आहे.