एल्डोराडो माझी, बरं का!

...नाही, पण मला एक सांगा, पैसे कोणी दिले? मी. कागदावर नाव कोणाचं? रुडी कुम्पुला, म्हणजे माझं. मग गाडी कोणाची? माझी, बरं का! आणि तरी अख्खा उन्हाळा मी तिच्यात कुठे बसलो असेन? तर शेजारच्या सीटवर! पट्टा आवळून, दाराची मूठ धरून, नसलेला ब्रेक दाबत!

थांबा, पहिल्यापासून सांगतो. आमच्या हॅनकॉक गावात एल्डोराडो गाडी एकच, ऑनी रुओनाची. शहात्तर सालची, बाहेरून पांढरी, आतून लालभडक. दारं दोनच, पण एकेक दार म्हणजे चर्चचा दरवाजा. आणि तुम्हाला सांगतो, एवढं धूड, पण सगळी ताकद पुढच्या चाकांना! पुढची चाकंच ओढतात, म्हणून इंजिनापासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा नाही, आणि दांडा नाही म्हणून मधला उंचवटा नाही, खाली दिवाणखान्यासारखं सपाट! ऑनी दर शनिवारी तिला आंघोळ घालायचा आणि मी कुंपणापाशी उभा राहून बघायचो. इतकी वर्षं बघितली की माझी बायको लेम्पी म्हणायची, "माझ्याकडे कधी असं बघितलंस का रे?"

या वसंतात ऑनी गेला. मी थोडे दिवस जाऊ दिले हो, अगदीच काही निर्लज्ज नाही मी... आणि मग लेम्पीच्या हातचा वेलचीचा पाव घेऊन त्याच्या बायकोला, हिल्माबाईंना भेटायला गेलो. तोंड एवढंसं करून म्हटलं, "ऑनीची फार आठवण येते." तर त्या म्हणाल्या, "गाडीसाठी आलायस ना? पाव ठेव तिथे."

ठेवला.

"गाडी देते," म्हणाल्या, "पण एक अट आहे. मला लायसन काढायचंय. याच गाडीवर. आणि शिकवायचं तू."

वय किती बाईंचं? शहात्तर! म्हटलं, "हिल्माबाई, अहो, एखाद्या छोट्या गाडीवर शिका की!" तर म्हणतात कशा, "ऑनीने जिला मला हात लावू दिला नाही, तिच्यावरच शिकणार. पटत नसेल तर पाव घेऊन जा परत."

मी खिडकीतून बाहेर बघितलं. ती उभी होती. उन्हात. पांढरीशुभ्र. संपलं की हो! "हो" म्हणून बसलो, माझा चांगला चालता ट्रक विकला आणि गाडी घेतली. माझी, बरं का!

शिकवणी कुठे? तर बंद पडलेल्या बाजाराच्या मोकळ्या आवारात. बाई उशीवर उशी ठेवून बसायच्या, तरी बाहेरून फक्त टोपी दिसायची! लोकांना वाटायचं टोपीच गाडी चालवतेय. मागे आमची लेम्पी विणकाम घेऊन, पाय पसरून बसलेली. आणि मी? मी आपला, "हळू... हळू... ब्रेक! अहो ब्रेक!" की मागून हिची टकळी सुरू, "रुडी, ओरडू नकोस तिच्यावर."

"मी ओरडत नाहीये!"

"हे काय, ओरडतोयस."

पहिल्याच आठवड्यात धाडकन सामानाची ढकलगाडी उडवली. उतरून बघतो तर बंपरवर हा एवढा ओरखडा. बाई म्हणाल्या, "मधे आली."

"हिल्माबाई, ती उभी होती!"

"तेच विचारतेय मी. उभी का होती?"

आता बोला!

एकदा मात्र शिकवणी संपली तरी बाई उतरेनात. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर. म्हणाल्या, "माझी बहीण कॅल्युमेट गावी राहायची, रुडी. तिच्या शेवटच्या थंडीत आजारी होती. मी रोज म्हणायचे, ऑनी, मला नेऊन सोड. तर म्हणायचा, रस्ता वाईट आहे. रस्ता चांगला होता रे. रस्त्यावर मीठ टाकलेलं होतं. बर्फ वितळायला. गाडीला गंज चढेल म्हणून काढली नाही त्याने." आणि मग म्हणाल्या, "गेली ती. मार्चमध्ये."

मागे लेम्पीच्या सुया थांबल्या. मी म्हटलं, "चला, अजून एक चक्कर मारू या." त्या दिवशी ओरडलो नाही. लेम्पीला विचारा.

परीक्षेच्या दिवशी, तुम्हाला सांगतो, ऑक्टोबर महिना आणि सकाळपासून बर्फ! पहिला, ओला, निसरडा बर्फ! मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात जाऊ. त्यांनी फक्त माझ्याकडे बघितलं. ऑनीकडे असंच बघत असणार. गेलो मुकाट्याने.

परीक्षक डेल्बर्ट कांगास, काडीसारखा माणूस. गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "आजी, हिच्यावर परीक्षा द्यायला आजवर कोणी आलं नाही."

"आज आलंय," बाई म्हणाल्या. "बसा. दार जोरात ओढा, जड आहे."

आणि गेले की हो! माझी गाडी गेली, मी फुटपाथवर! लेम्पीच्या हातात कॉफी, माझ्या हातात कॉफी, आणि माझी निम्मी सांडलेली. समोर रस्त्याचा उभा चढ. चढावर एक भलामोठा ट्रक आडवा घसरलेला, त्याची मागची चाकं नुसती गरगर फिरतायत. मी डोळे मिटले. लेम्पी म्हणाली, "उघड, बघ." बघतो तर टोपी निघालीये वर! घाई नाही, थांबणं नाही, पुढची चाकं बर्फात रुतवत, नाक ओढत ओढत, ट्रकला वळसा घालून पांढरी गाडी चढ चढून गेली! मी टाळ्या वाजवल्या. कॉफी उरलेली तीही सांडली.

परत आल्यावर दोन सुट्या खांबांच्या मधे गाडी लावायची. पण जागेपेक्षा गाडीच लांब! बाईंनी काच खाली केली आणि डेल्बर्टला म्हणाल्या, "खांब सरकवा." आणि तो उतरून सरकवायला लागला हो! सरकवले, बाईंनी लावली, पास!

बाई उतरल्या, किल्ली माझ्या हातात ठेवली, माझा गाल थोपटला. डोळे ओले होते. माझेही असतील, वारा होता.

म्हटलं, सुटलो! आता गाडी माझी आणि चालवणारही मी! चार दिवसांत दारात हॉर्न. बघतो तर हिल्माबाई, एका इवल्याशा निळ्या गाडीत. "तुझ्याच पैशांची घेतली," म्हणाल्या.

"आणि एल्डोराडो आवडली नाही?"

"छे! एवढं धूड कोण सांभाळणार?"

मी हसतोय तोवर मागून लेम्पी आली, कोट घालून. म्हणाली, "रुडी, किल्ली दे. मलाही लायसन काढायचंय. एल्डोराडोवरच."

इतक्या वर्षांच्या संसारात कधी म्हणाली नव्हती! मी आपली टोपी घातली, म्हटलं, "चल, शिकवतो."

"तू नको. तू ओरडतोस. हिल्मा शिकवणारे."

"मग मी काय करू?"

"बटाटे सोलून ठेव."

...आता सांगा, किती सोलू?