व्याह्याचं पाणी

…छत्री हो, छत्री! बाथरूमात! हसा तुमी, हसायला काय जातंय, पण भर उन्हाळ्यात, जिथं नळाला दिवसाआड पाणी येतं त्या मंचरात, मी रोज सकाळी डोक्यावर छत्री धरून बसत व्हतो, अन् एका हातानं छत्री सांभाळून बाकीचं कसं उरकायचं, ते ज्यानं केलंय त्यालाच ठावं.

आता तुमाला सांगतो, घर गळण्याचं मला नवल न्हाई. मी मूळचा आहुप्याचा. आमच्याकडं पावसाळ्यात ढग पुढच्या दारानं आत येतो अन् परसातनं निघून जातो, घर गळणारच. पण तिथं गळलं की वर बघून पावसाला चार शिव्या हासडता यायच्या. हितं वर बघितलं तर कोण? व्याही! माझ्या प्रांजलचं सासर हो, माझ्या बरोबर डोक्यावर. अन् तो वरचा फ्लॅट त्यांना घ्यायला लावला कुणी? मीच. "घ्या सावळेराव, लई हवेशीर हाय," असं मीच म्हणलो, का तर लेक डोळ्यापुढं राहील. राहिली. लेक डोळ्यापुढं राहिली अन् सासर डोक्यावर आलं.

उभी हयात एसटीत कंडक्टरकी केली राव. सुट्ट्या पैशावरनं भांडलो, खिडकीवरनं भांडलो, पिशवीत लपवलेल्या कोंबड्याच्या तिकिटावरनं भांडलो, कुणाला हार गेलो न्हाई. पण मुलीचा बाप ना मी… बोलणार कसं?

बरं, सावळेराव माणूस सोन्यासारखा. पण आंघोळ! एक तांब्या अंगावर अन् दोन भिंतीवर. वर त्यांनी आरती सुरू केली की खाली माझ्या छताला पाझर फुटायचा. आधी पिवळा डाग आला, मग पोपडे सुटले, मग एक दिवस प्लॅस्टरचा तुकडा माझ्या साबणाच्या डबीत. आमची इंद्रायणी म्हणाली, "आवो, जाऊन सांगा की सरळ." मी निघालोच व्हतो, तर जिन्यातच प्रांजल आडवी. "आप्पा, एक शब्द बोलायचा न्हाई. मला तिथं नांदायचंय. उद्या सासूबाई म्हणतील, हिच्या बापाला आमचं पाणी बोचतं."

आलो माघारी. काय करता? पोरीच्या डोळ्यांत पाणी काढण्यापरीस छतातनं आलेलं बरं.

मग आडून बोलून बघितलं. चहाला वर गेलो, म्हणलं, "सावळेराव, तुमच्याकडं पाणी कसं काय येतं?" "एक नंबर!" म्हणाले. मी म्हणलं, "आमच्याकडं बी येतं. वरनं येतं." तर म्हणतात, "टाकी वरच असल्यावर वरनंच येणार की पावणं!" अन् खदाखदा हसले. विहीणबाई, झुंबरबाई, त्यांनी आणखी दोन भजी वाढली. आता ज्याच्या घरची भजी तोंडात हायेत, त्याच्या न्हाणीचं गाऱ्हाणं कुठल्या तोंडानं करायचं?

शेवटी गेणू गवंड्याला बोलावलं. त्यानं वर बघितलं, बोटानं टोकरलं, म्हणाला, "दुखणं वरच्या फरशीत हाय. खालनं लेप देऊन काय उपेग न्हाई." मी म्हणलं, "गेणूभाऊ, वर जायचं न्हाई. जे करायचं ते खालनं." तो म्हणाला, "का, वर भूत हाय का काय?" म्हणलं, "व्याही हाय." लगेच समजला बघा, त्यालाबी पोरगीच हाय. गुमान प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचं खोटं छत ठोकून दिलं. दिसायला फर्स्ट क्लास! पण पाणी जाणार कुठं? ते वर साठाय लागलं अन् आठवड्यात त्या छताला पोट सुटलं. मी खाली बसायचो अन् ते पोट माझ्याकडं बघायचं.

अन् नेमका आला धोंड्याचा महिना! जावयाला बोलवायचं, तेल-उटणं लावून न्हाऊ घालायचं, नवी कापडं, पुरणाचे धोंडे. इंद्रायणी कपाळाला हात लावून बसली, "जावयाला त्या पोटाखाली बसवू व्हय?" अन् तिथंच, तुमाला सांगतो, माझ्यातला कंडक्टर जागा झाला. म्हणलं, बसवायचंच! मुलीच्या बापाला बोलता येत न्हाई ना? मग पाण्यालाच बोलू दे.

आमचा जावई सूरज गरीब पोरगा. उटणं लावून पाटावर बसवला, दार लावलं, अन् वर फोन केला. "सावळेराव, आंघोळ उरकून घ्या, खाली पानं वाढतोय." "आलोच पावणं!" दोन मिनिटांत वर आरती सुरू. मी दाराला कान लावून. आतनं सूरज म्हणतोय, "मामा, हे छत जरा खाली आलंय का हो?" मी म्हणलं, "नवीन फॅशन हाय, तुमी बसा." वर आरतीचं शेवटचं कडवं, बादली उपडी झाल्याचा आवाज, अन् मग… धाडकन!

जावई बाहेर आला तो गळ्यात प्लॅस्टिकची पट्टी अडकवूनच. तोंडावरचं उटणं निम्मं वाहून गेलेलं, केसांत प्लॅस्टर. लागलं कुठं न्हाई, देवाची कृपा, न्हाईतर प्रांजलनं मला जित्ता ठेवला नसता. नुसतं एवढंच म्हणाला, "मामा, हा तर आमच्या बाबांच्या साबणाचा वास."

मी मनात म्हणलं, जिंकलो!

सावळेराव ओल्या अंगानं पळत खाली आले. मान वर करून उघडा पडलेला स्लॅब बघितला, कोपऱ्यातली छत्री बघितली, अन् राव, त्यांचे डोळेच भरून आले. "पावणं, एवढे दिवस सोसलं अन् बोलला न्हाईत? आमी काय परके व्हतो?" मला मेल्याहून मेल्यागत झालं. खरं सांगतो, मलाबी हुंदका आला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी सगळी फरशी उकरायला घेतली, पाणी जायचा नहाणी ट्रॅप नवा, वॉटरप्रूफिंग, सगळं सगळं. ह्याला म्हणतात व्याही.

अन् तेवढे दिवस वरच्यांनी आंघोळीला जायचं कुठं? बरोबर. आमच्याकडं! पहाटे झुंबरबाई, मग सूरज, मग प्रांजल, मग आरतीसकट सावळेराव. माझा नंबर येईस्तवर टाकी संपायची, मी रुमाल भिजवून अंग पुसायचो. म्हणलं, चालंल, काम होईस्तवर तर हाय.

काल वरचं काम झालं. गेणू म्हणाला, "आता टिपूस पडणार न्हाई." मी नवा साबण काढला, टॉवेल खांद्यावर टाकला, बाथरूमापुढं आलो, तर आतनं कडी! अन् आतनं आरती!

म्हणलं, "सावळेराव, तुमचं वरचं झालं ना?"

"झालं की पावणं! पण घरात आमी सगळ्यांनी ठरवलंय, तुमच्या छताला पुन्हा थेंब लागू द्यायचा न्हाई. वरच्या बाथरूमाला कुलूपच घातलंय. आता कायम आंघोळीला हितंच! जरा टॉवेल देता का?"

दिला. माझाच दिला.

मुलीचा बाप ना मी… बोलणार कसं?