गेटपासचा की कॉलेजचा

नाय काका, थांबा, इतक्यात काढू नका — फोटो कशासाठी, असं विचारलं ना तुम्ही? तेच तर ठरत नाय! गेटपासचा असला तर कंपनीचा शर्ट घालावा लागतो, कॉलेजचा असला तर हाच ड्रेस चालतो. शर्ट आणलाय पिशवीत. वाळूजला आमच्याकडं सहा महिने झाले की कंत्राटी माणसाला ब्रेक देतात — चार दिवस घरी बस, मग नवा गेटपास, नवा फोटो, परत पहिला दिवस. म्हणजे मी कायम नवीनच! हसता काय?

पॉलिटेक्निकचं पहिलं वर्ष पास झाले होते मी, चांगल्या मार्कांनी. दाजी म्हणाले — दाजी म्हणजे ताईचे मिस्टर, त्याच कंपनीत सुपरवायझर — म्हणाले, अपेक्षा, डिप्लोमा करून शेवटी इथंच येणार ना? मग आत्ताच ये, पहिली जागा निघाली की तुला पर्मनंट करतो, माझा शब्द. सोडलं कॉलेज. वायरिंगच्या लाईनवर उभी राहिले, पाय सुजले तरी. आणि जागा निघाली तर कुणाला? दाजींच्या भावाला, अभयला! दिवाळीनंतर आलेला पोरगा — कुठली वायर कुठं जाते ते मी शिकवलं त्याला. मी!

दाजींचं सोडा हो, त्यांचा तो भाऊच आहे. पण नाव ताईनं पुढं केलं. माझ्या सख्ख्या ताईनं. काल अभयच बोलून गेला, वहिनीनं लावून धरलं म्हणून झालं. तिला त्या घरात नांदायचंय — कळतं मला, न कळायला काय झालं? पण परवा माझ्या केसांना तेल लावत बसली होती, आणि लावता लावता म्हणते, तुझं पण होईल गं. तेव्हा तिला माहीत होतं... जाऊ द्या. तुम्हाला कशाला सांगतेय मी?

आज प्रवेशाचा शेवटचा दिवस. दुसऱ्या वर्षाला परत घेतात. पण कॉलेज धरलं तर पगार बंद, आणि राहते ताईकडंच. सोमवारी ये म्हणून दाजींचा निरोप आहे — अभयच्या हाताखाली!

एक मिनिट, तिचाच फोन... हां ताई. व्हय, सांग त्याला अभिनंदन. पेढे? माझ्यासाठी ठेवू नको. औरंगपुऱ्यात आहे, फोटोवाल्याकडं... नाय, कंपनीचा नाय. कॉलेजचा. आईकडं राहीन, बिडकीनहून ये-जा करीन... आता रडतेस? तेल लावताना का नाय रडलीस?

लाईट लावा काका. आता एक शब्द विचारू नका.