पूनम सागरच्या नाक्यावरचा बॅनर

मीरा रोड स्टेशनबाहेर बसच्या रांगेत माझ्यामागे बाप-लेक भांडत होते.

“पप्पा, नाक्यावरचा तो बॅनर आजच्या आज उतरवा.”

“का गं संघप्रिया? ‘नॅशनल फुटबॉलपटू’ लिहिलंय, काय चुकलं?”

“मी सेकंड डिव्हिजनची लीग खेळते, पण ते सोडा. फोटोत माझ्या अंगात कोणाची जर्सी आहे?”

“तुझीच की. छान हिरवीगार.”

“समोरच्या टीमची आहे ती! मॅच संपल्यावर आम्ही एकमेकींशी जर्सी बदलतो. त्यांनीच आम्हाला हरवलं, म्हणून आमचं वरच्या लीगमध्ये जायचं हुकलं. आणि तुम्ही मला त्यांच्याच कपड्यांत नाक्यावर टांगलंत! अख्खी टीम हसतेय मला.”

“अगं, त्यात तू हसत होतीस, म्हणून तोच दिला.”

“रडून झाल्यावर हसले होते. एका तरी मॅचला आला असतात तर कळलं असतं.”

“ड्युटी सोडून कसा येणार? आणि ओरडू नकोस, लोक बघतायत.”

“बघू देत. नाक्यावर बघतातच आहेत.”

“बरं बाई, दुसरा छापून घेतो. तुझ्या टीमचा रंग कुठला, तेवढं सांग.”

“आत्ता माझ्या अंगात काय आहे, पप्पा?”