पट्टी कुठल्या डोळ्यावर

नाही बाई, चूक माझी होती हे कबूल, पण फोनवर चार माणसांना ऐकू जाईल असं झापायला नको होतं! असो. आधी रीत.

सन्माननीय अध्यक्ष डॉक्टरसाहेब, व्यासपीठावरची थोर मंडळी, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या तिरळेपणा तपासणाऱ्या बाई आणि जमलेल्या आईबापांनो, नमस्कार. मी सातवीत शाळा सोडली. घरापासून लांब, परगावी फरश्या बसवतो. सुट्टी मिळाली नाही, म्हणून हे भाषण माझी बायको वाचते आहे.

लेक पाच वर्षांची असताना बाईंनी तिच्या डोळ्यांवर छोट्या बॅटरीचा उजेड टाकला. उजव्या बुबुळात उजेडाचा ठिपका मधोमध, डाव्यात कडेला. मग उजवा डोळा झाकला, तसा डावा नाकाकडून सरकत जागेवर आला. डावा वळतो, हे त्यांनी तिथंच ओळखलं. तक्ता वाचायला लावला, तेव्हा त्याची नजरही मंद निघाली. रोज सहा तास उजव्यावर पट्टी, असं लिहून दिलं.

मी फोनवर बायकोवर उखडलो. "वाकडा सोडून चांगला डोळा झाकतात होय? फरशी सूतभर वाकडी असली तरी मला लांबून दिसते!"

"अहो, बाईंनी लिहून दिलंय."

"बाप मी आहे की बाई?" (थांबू नकोस, वाच पुढे.)

महिन्याभराने डाव्या डोळ्याला तक्त्यावरची आणखी एक ओळ दिसेनाशी झाली. बाईंनी लेकीलाच विचारलं, "पट्टी कुठे लावतेस गं?"

"बाबा सांगतात त्या डोळ्यावर."

लगेच मला फोन. "अहो फरशीवाले, चांगला डोळा झाकला तरच दुसरा कामाला लागतो! असंच चालवलंत तर तो डोळा कायमचा मंद राहील. मग माझ्याकडे येऊन रडू नका."

हातातली फरशी मी खाली ठेवली. मुकादम विचारत होता, काय झालं? काय सांगणार? पोरीचा डोळा मीच घालवत होतो!

त्या दिवसापासून पट्टी उजव्यावर. दोन वर्षं बाईंनी दर महिन्याला तपासलं. आता लेक डाव्या डोळ्याने शेवटून दुसरी ओळ वाचते. गेल्या महिन्यात पट्टी बंद झाली.

बाई, तुमचे आभार कसे मानायचे ते मला कळत नाही. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर सगळ्यांनी पोटात घाला. पट्ट्यांसाठी दर महिन्याला वेगळे काढलेले पैसे आता घरी ठेववत नाहीत. ज्या पोराची पट्टी पैशापायी अडली असेल, त्याला द्या. या महिन्याचे पाठवतोय, साडेआठशे.