आईच्या नावानं

नाही गं सुने, पायात जोडे आहेत म्हणून मी निघतेय असं समजू नकोस — घातले, काढले, पुन्हा घातले, सकाळपासून हेच चाललंय. काय म्हणालीस? तुझ्या सासूनंच पाठवलं, बुलोरमावशीला घेऊनच ये म्हणून? झुलायआपानं, माझ्या थोरल्या बहिणीनं, स्वतः? बस जरा. चहा घे. मी काही येत नाही.

कुठल्या तोंडानं येऊ? तुझा ओशेर बरा होऊन घरी आला, सगळी गल्ली तुमच्या अंगणात स्तोत्रं गायला जमलीये, देवानं केव्हा केव्हा कसं तारलं ते आठवायला — आणि मी त्याच बायकांत बसू? गेल्या मंगळवारी तू नव्हतीस ना, हॉस्पिटलात त्याच्या उशाशी होतीस. इकडे तुमच्या घरी आम्ही आदल्या संध्याकाळपासून दाविदाची स्तोत्रं वाटून घेतली होती — ही तुझी, ती माझी, सगळी पुरी व्हायलाच हवीत. आणि दर स्तोत्रामागे नाव, ओशेर, झुलायचा मुलगा. आजाऱ्यासाठी मागायचं ते आईच्याच नावानं, बापाचं तिथे चालत नाही, आपल्या यहुद्यांत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मला मात्र ते नाव घेववेना. रात्रभर नुसती पानं उलटली. चुकीच्या नावानं मागितलं तर देव कुणाच्या पोराला बरं करणार, सांग? हसू नकोस. — नाही हसत? बरं.

एवढी वर्षं गप्प राहिले होते की. माझ्या पदरात तीन मुली, आपाची ओटी रिकामी — हा ओशेर झाला तसा तिच्या मांडीवर ठेवला, मीच ठेवला, कुणी हिसकावला नाही. मावशी म्हण म्हटलं, मावशी म्हणाला. आणि मंगळवारी दुपारी उठले आणि भर बायकांत ओरडले, नाव चुकतंय, बुलोरचा मुलगा म्हणा, पोटचा आहे माझ्या. त्याच्या काळजीनं बोलले म्हणतेस? तेवढंच असतं तर बरं झालं असतं गं. पोरगं मरणाच्या दारात, आणि मला हौस — एकदा तरी लोकांनी माझं नाव घ्यावं! लाज वाटते सांगताना.

आपा भांडेल वाटलं होतं. तिनं पुस्तकातून मानही वर केली नाही. "बायांनो, बुलोरचं नाव घ्या," म्हणाली, "पोरगं जगू दे." एवढंच. आणि पुढचं पान उलटलं. कुणी तोंड उघडायच्या आत तू दारात — पहाटेच ताप उतरला, डोळे उघडले, रस्सा मागतोय. पहाटे! म्हणजे तेव्हा देवापुढे तिचंच नाव होतं, आणि त्यानं ते ऐकलं. आई कोण ते त्याला बरोबर ठाऊक होतं. माझ्यावाचून त्याचं काही अडलं नाही.

म्हणून नाही येत. तुला तर हे कळलंच असेल, त्या बायकांच्या तोंडात तीळ भिजत नाही... अशी काय बघतेस? सुने, चहाचा पियाला खाली ठेव, सांडतोय.

एकीनंही नाही सांगितलं? आपानं पण नाही?

देवा. पुन्हा मीच बोलून बसले.

ऊठ. ऊठ, जा तू, स्तोत्रं सुरू होतील. माझी वाट बघू नका म्हणावं, पाय दुखतात म्हणावं. आणि ओशेरनं विचारलं तर — नाही, तो कशाला विचारेल? जा गं. दार ओढून घे.